डिशच्या तोंडावरचं ओलं फडकं

माणसाने दुरुस्तीच्या कामाला कुठेही जावं, सासुरवाडीत जाऊ नये. आणि धोंड्याच्या महिन्यात तर अजिबात जाऊ नये.

मी चंद्रकुमार. राहायला जवाहरनगरच्या फाट्याजवळ. काम उपग्रहाच्या डिश बसवायचं आणि बिघडल्या की नीट करायचं. जिल्ह्यात जंगलाच्या कडेची काही गावं अशी आहेत की तिथे फोनवर बोलणं कसंबसं होतं, पण इंटरनेट काही पोचत नाही. अशा गावात पंचायतीच्या नाहीतर बँकेच्या छतावर आमच्या कंपनीची भलीमोठी डिश असते. दुसऱ्या कुठल्याही गावात गेलो की लोक विचारतात, किती वेळ लागेल. बोडीटोल्यात गेलो की विचारतात, आधी पाय धुता की आधी रस घेता.

बोडीटोला करडीच्या बरंच पुढे, टेकडी आणि तलावाच्या मध्ये. माझी बायको दीपमाला तिथली, त्यामुळे आख्खं गाव माझं सासर. त्यात यंदा ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला देवासारखं मानतात, हे ठीक आहे. पण देवाला कोणी शिडीवर चढू देत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी जेवायला गेलोच नव्हतो. डिंपलची नोकरी वाचवायला गेलो होतो.

डिंपल माझी धाकटी मेव्हणी. पंचायतीच्या एका खोलीत बँकेचं ग्राहक सेवा केंद्र आहे, ते ती चालवते. म्हाताऱ्या बायांनी यंत्रावर अंगठा ठेवायचा, डिंपलने कॉम्प्युटरवर पाहायचं, बायांनी पैसे घेऊन घरी जायचं. याआधी त्याच बाया जंगलातून करडीपर्यंत पायी जात. तिला हे काम फार आवडतं. ती तसं बोलूनही दाखवते, आणि घरात नेमकं तेच कोणाला आवडत नाही. सासरे केवळराम यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "सेंटर आहे तवर नोकरी. सेंटर गेलं का लगन." रविवारी तुमसरचे पाहुणे तिला बघायला येणार होते.

आणि सेंटर जायच्या बेतात होतं. उन्हाळा लागल्यापासून रोज दुपारी लिंक बंद पडायची. बँकेने आमच्या कंपनीला कळवलं, एका दुपारी आम्ही लक्ष ठेवून बघू, दोन ते चार लिंक सलग चालली तर ठीक, नाहीतर सेंटर करडीला हलवू. ती दुपार म्हणजे हीच. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस चालू, वरून आग, आणि मी मोटरसायकलवर टूलबॉक्स बांधून बोडीटोल्याच्या वाटेवर.

बिघाड काय आहे हे मला घरबसल्या माहीत होतं. आठवडाभरापूर्वी सासऱ्यांचा फोन आला होता. म्हणाले, "जवाईबापू, त्या डिशले झालं काय, थे मले समजून सांगा बरं." आता मी या कामात इतकी वर्षं आहे, मला आजवर एका माणसाने समजून सांगा म्हटलं नव्हतं. मी हुरळलो.

"मामाजी," मी म्हटलं, "डिशच्या दांडीवर दोन डब्या आहेत. एक पाठवणारी, एक घेणारी. खोलीतलं मशीन खालच्या सुरात बोलते, काहून का वायरमधून लय उंच सूर जात नाही, वाटेतच मरते. म्हणून पाठवणारी डबी थोच निरोप उंच सुरात चढवते अन् उपग्रहाकडे सोडते. उपग्रह त्याले जरा उतरवते अन् परत पाठवते."

"कायले उतरवते?"

"त्याच सुरात पाठवला त त्याचंच ओरडणं त्याच्या कानात जाईन न. खालून आलेला बारीक आवाज मंग ऐकूच नाही येणार."

"बराबर."

"परत आला का इकडची घेणारी डबी त्याले आणखी उतरवते, मशीनले झेपन इतका. निरोप बदलत नाही, पट्टी बदलते."

"म्हणजे काळी चारचं भजन पांढरी दोनमंदी म्हणाचं."

मला टाळी वाजवावीशी वाटली. सासरे गावच्या भजन मंडळात खंजेरी वाजवतात, आणि एवढं अचूक मला शिकवणाऱ्या मास्तरांनीही सांगितलं नव्हतं. मी पुढे म्हटलं, "उतरवासाठी डबीजवळ आपला एक पक्का सूर असते. आलेल्या सुरातून थो वजा कराचा, उरलं थे मशीनले द्याचं. पण ही डबी झाली जुनी. उन्हानं तापली का तिचा पक्का सूरच सरकते. वजाबाकी चुकते. मशीन जिथं कान लावून बसलं आहे तिथं मंग काहीच येत नाही."

"उन्हानं कातडं चढते, तसं."

"हो, तसंच," मी म्हटलं. तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला म्हणून ठेवून दिला. त्यानंतर लिंक सुधारायच्या ऐवजी आणखीच बिघडली. आधी दुपारी दोन-तीन तास जायची, आता अकरापासून जी जायची ती ऊन उतरेपर्यंत यायचीच नाही. मला वाटलं डबी पार मेली. स्टोअरमधून नवी मागवली आणि तीच घेऊन निघालो.

पोचलो तर पंचायतीच्या आवारात कडुलिंबाखाली खाट टाकलेली, खाटेवर नवी चादर, शेजारी पितळी तांब्या. सासूबाई शकुंतलाबाई पाय धुवायला पाणी घेऊन उभ्या. शेजारच्या चारपाच बाया जावई बघायला. मी म्हटलं, "मामीजी, दोन वाजता तपासणी आहे. आधी छतावर जातो."

"जासान न. पयले सरगुंडे खाऊन घ्या. रस काढून ठेवला आहे."

"खाली आल्यावर खातो."

"आल्यावर वडे."

सासरे शिडीला पाठ लावून उभे होते. म्हणाले, "असल्या उन्हात जवाई छतावर चढला त लोक माह्या तोंडात शेण घालतीन. कैलाश चढते. तुमी बसून सांगा." कैलाश म्हणजे माझा साळा, डिंपलच्या पाठचा. उत्साह भरपूर, ऐकायची सवय नाही. तो माझ्या टूलबॉक्समधला सगळ्यात मोठा पाना घेऊन अर्ध्या शिडीवर पोचलासुद्धा होता.

मी खरंच चिडलो होतो, पण हातात वाटी आली. आंब्याचा रस आणि त्यात कणकेचे, काडीवर वळून उकडलेले पांढरेशुभ्र सरगुंडे. सांगतो, सरगुंडे चांगले झाले होते, आणि त्याचाही मला राग आला. माणसाने एका हाताने खात, दुसऱ्या हाताने छताकडे बोट दाखवत, उपग्रहाची डिश दुरुस्त करायची ही काय पद्धत आहे? समजा, डॉक्टरला खाटेवर बसवून ऑपरेशन सांगायला लावलं तर चालेल का?

"कैलाश, फक्त बघ. हात लावू नको. दांडीच्या टोकावर काय दिसते?"

"दिसते न भाऊजी, सारंच दिसते."

"वायर ढिली आहे का?"

"थांबा, हालवून पायतो."

"हालवू नको!"

हलवली. वायर नाही, आख्खी डिश हलवली. खोलीतून डिंपलचा आवाज आला, "भाऊजी, लुकलुकत होता थोही लाइट गेला!" डिश केसभर हलली तरी उपग्रह हातचा जातो. आकाशात एवढ्या लांब एका ठिपक्यावर नेम धरून बसवलेली वस्तू ती, आणि याने बैलगाडीचं जू फिरवावं तशी फिरवली.

मी वाटी खाली ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "आणखी वाढू का?"

आणि माझा तोल गेला. मी खाटेवरून उठलो आणि सासऱ्यांच्या तोंडावर ओरडलो, "मामाजी, सरका तिथून! मी इथं जवाई म्हणून नाही आलो, मेकॅनिक म्हणून आलो. पोरीची नोकरी जाऊन राहिली अन् तुमाले लोकं काय म्हणतीन थे पडलं आहे. तुमाले तिची नोकरी घालवाचीच असन त तसं तोंडानं सांगा. मी रस पिऊन घरी जातो!"

जावई ओरडत नाही असं नाही, पण धोंड्याच्या महिन्यात, गावासमोर, सासऱ्यावर ओरडलेला कोणी पाहिला नसावा. सासरे बाजूला सरकले. सरकताना त्यांनी डावा पाय जरा ओढला, तो मी पाहिला, पण रागात मनावर घेतला नाही.

छतावर स्लॅब इतका तापला होता की गुडघा टेकवत नव्हता. मी कैलाशला खाली पाठवलं आणि दांडीच्या टोकाकडे बघितलं. बघतच राहिलो.

दांडीच्या टोकाला दोन्ही डब्या जिथे जोडलेल्या असतात तिथे डिशकडे तोंड केलेली एक नळी असते. नळीच्या तोंडावर पातळ पांढरा पडदा, ताणून बसवलेला. वरून येणारा आणि वर जाणारा सगळा सूर त्याच पडद्यातून जातो. त्या पडद्यावर जुन्या धोतराचं एक फडकं बांधलेलं होतं. चारपदरी, सुतळीने गच्च, नीटनेटकं. आणि ओलंचिंब.

मला एकदम सगळं कळलं. खंजेरीचं कातडं उन्हाने ताणतं, सूर चढतो. मग वाजवणारा त्यावर ओलं फडकं फिरवतो, कातडं सैल होतं, सूर उतरतो. गोल, पांढरा, ताणलेला पडदा. बघणाऱ्याला ती खंजेरीच वाटणार. पण खंजेरीचा सूर पाण्याने उतरतो आणि हा सूर पाण्याने मरतो. एवढ्या उंच सुराला पाण्याचा पातळ थरही पार होत नाही, म्हणून तर धो धो पावसात आमच्या लिंक जातात. इथे तर रोज दुपारी कोणीतरी मुद्दाम पाऊस पाडत होतं. वरून येणारंही बंद, वर जाणारंही बंद.

फडकं सोडून मी पडदा कोरडा पुसला. डिश पुन्हा नेमावर आणायला बराच वेळ गेला. फडकं हातात घेऊन शिडीने खाली आलो तेव्हा सासरे कुठे दिसेनात. सासूबाई शिडीजवळ उभ्या होत्या.

"हे कोणी बांधलं?" मी विचारलं. माझा आवाज अजून चढलेलाच होता.

त्यांनी खोलीकडे बघितलं. डिंपल आत मशीनसमोर होती. मग हळूच म्हणाल्या, "तुमचे मामाजी, थेच बांधते. रोज बादली घेऊन चढते. वाळलं का फिरून चढते. गुडघा सुजून आला, तरी आयकत नाही. जवाईबापूनं सांगतलं म्हणते, ऊन लागलं का डबीचा सूर चढते."

"डिंपलले माहीत आहे?"

"तिले सांगाचं नाही म्हणते. ती सेंटरात बसली का मंग मागून चढते."

मी तिथेच शिडीच्या पायरीवर बसलो. राग कुठे गेला नव्हता, फक्त त्याला जायला जागा उरली नव्हती. हा माणूस महिनोन् महिने घरात, पारावर, मंडळात, सेंटर गेलं की पोरीचं लग्न लावतो म्हणून गर्जत होता. आणि सेंटर जाऊ नये म्हणून सुजलेल्या गुडघ्याने भर नवतप्यात शिडी चढत होता. आणि त्यानेच सेंटर घालवायला आणलं होतं! कोणावर ओरडायचं ते मला कळेना. मला माझीच लाज वाटली, आणि त्यांच्या डोक्यात दगड घालावासाही वाटला.

दोन वाजायला आले होते. मी नव्या डबीचा खोका फोडला. बाकीची दुपार सोपी जाणार असं मला वाटत होतं. खोक्यातली डबी दुसऱ्याच पट्टीची निघाली. तिचा पक्का सूर वेगळा. ती लावली असती तर वजाबाकी भलतीच आली असती, आणि मशीन एका ठिकाणी वाट बघतंय, निरोप दुसऱ्याच ठिकाणी उतरलाय, असं झालं असतं. मी तीनदा लिहून कळवलं होतं कुठली पाठवा. स्टोअरला फोन लावला तर तिकडून उत्तर, "सर, दिखने में तो सेम है." मी फोन ठेवला. शिव्या नंतर दिल्या, एकट्याने, भिंतीकडे तोंड करून.

लिंक आली होती, पण मशीनवरचा दिवा आतापासूनच लुकलुकायला लागला होता. जुनी डबी तापत होती, सूर सरकत होता. ती गार ठेवली तरच दुपार निघणार. मी छतावर जाऊन छत्री बांधून बघितली. गरम वारा इतका होता की छत्री दोन मिनिटांत सुटून डिशच्या समोर आली आणि लिंक तुटली, नशीब की दोन अजून वाजले नव्हते. छत्री हातानेच धरायला हवी होती. सूर्य पश्चिमेला कलला होता, तेवढं बरं. बाजूला उभं राहून डबीवर सावली धरता येत होती, डिशची वाट न अडवता. पण मला खाली मशीनजवळ बसून वजाबाकीचा आकडा सांभाळायचा होता. आणि कैलाशला छतावर पाठवण्यापेक्षा सेंटर करडीला नेलेलं परवडलं असतं.

शिडी वाजली. सासरे वर आले. एका हातात बादली. त्यांनी मघाचं काहीच काढलं नाही. नुसतं विचारलं, "तोंडावर नाही बांधाचं?"

"नाही मामाजी."

"मंग कोठी?"

मी चरफडत म्हटलं, "मागं. हे डबीचं अंग आहे न, लोखंडी, याले गुंडाळा. हे गार राहिलं का झालं. पण तोंडाले थेंब नाही लागला पाहिजे. अन् छत्री इकडून धराची, इकडून. डिशसमोर नाही."

त्यांनी फडकं पिळलं आणि डबीच्या मागच्या अंगाला बाळाला टकुचं बांधावं तसं बेताने बांधलं. मग छत्री घेऊन पश्चिमेकडून उभे राहिले. मी म्हटलं, "मामाजी, लय ऊन आहे. दोन घंटे उभं राहणं तुमाले जमणार नाही. कोणाले तरी बोलावतो."

"कोणाले बोलावता? गावाले दाखवता का?" ते खेकसले. "तुमी खाली जा. मेकॅनिक आहा न तुमी?"

ते मला लागायला हवं तिथे लागलं. मी खाली गेलो.

खोलीत डिंपल बसली होती. बाहेर बायांची रांग भिंतीच्या सावलीला चिकटून उभी. मी मशीनजवळ बसलो. दिवा लुकलुकत होता, मग हळूहळू स्थिर झाला. आकडा थोडा सरकायचा, मी सावरून घ्यायचो, पुन्हा सरकायचा. मधेच वरून बादलीत फडकं बुडवल्याचा आवाज यायचा आणि त्यानंतर थोड्या वेळाने आकडा जागेवर यायचा. डिंपल एकेका बाईचा अंगठा घेत होती. बायांशी ती हसून बोलत होती. एकदा मला म्हणाली, "भाऊजी, आज एवढी सलग कशी काय चालून राहिली? काय केलं तुमी?"

"काही नाही. सावली केली," मी म्हटलं.

चार वाजून गेल्यावर कंपनीतून फोन आला. तपासणी झाली, लिंक कुठेच तुटली नाही, बँकेला तसं कळवलं आहे, सेंटर आहे तिथेच राहील. नवी डबी, या वेळी बरोबर पट्टीची, दोन दिवसांत पाठवतो. मी डिंपलला सांगितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खुर्चीतच रडायला लागली. रांगेतल्या बाया तिला विचारायला लागल्या काय झालं, काय झालं.

मी आवारात धावत गेलो आणि वर बघून ओरडलो, "मामाजी! झालं! सेंटर इथंच राहते. उतरा आता!"

ते स्लॅबच्या कडेशी उभे होते. चेहरा तांब्यासारखा लाल, सदरा अंगाला चिकटलेला, छत्री जिथल्या तिथे. वजन सगळं उजव्या पायावर.

"आतमंदी बाया आहेत का अजून?" त्यांनी विचारलं.

"आहेत न. पण तपासणी झाली म्हणतो मी. आता लाइन गेली तरी चालते."

"काहून चालते? थ्या म्हाताऱ्या फिरून उद्या येतीन का? बाया हाये तवर मी हाये."

या माणसाला काही समजावून सांगायची माझी हिंमत उरली नव्हती. मागे वळलो तर दारात डिंपल उभी होती. माझ्या ओरडण्याने बाहेर आली असावी. ती वर बघत होती. छत्री, बादली, डबीला बांधलेलं धोतराचं फडकं आणि एका पायावर उभा असलेला बाप. तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

मग तिने विचारलं, "बाबा, मंग रविवारी पाव्हणे?"

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. छत्री जरा सरळ केली, सावली डबीवर नीट पडते की नाही ते पाहिलं.

"येतीन. च्या पितीन, अन् जातीन," ते म्हणाले. "तू कायले उन्हात उभी राह्यली? आत जाय. लाइन चालू हाये तुही."